भट्टीपुढचा फारो

"बेडूक झाले का?" आत्याने भट्टीच्या दाराशी उभं राहून विचारलं.

"आत्ता कुठे बेडकांवर आलोय. घाई करू नकोस," आजोबा म्हणाले. "पीडा आहे ती, चहाला आलेले पाहुणे नाहीत."

होणारे जावई कोपऱ्यातल्या मैद्याच्या पोत्यावर अवघडून बसले होते. माणूस औषधांच्या दुकानाचा, गोळ्या मोजून देण्याचा त्याचा धंदा. उद्या लग्नाच्या जेवणाला टेबलं किती लावायची एवढंच विचारायला ते आले होते, आणि केव्हाचे बसून नाईल नदीचं रक्त होताना ऐकत होते. त्यांनी नवरीकडे पाहिलं. नवरी ओठ दाबून हसत होती.

"घाबरू नकोस," ती हळूच म्हणाली. "लग्नाचा पाव आत गेलाय. त्याला अख्खा फारो लागतो."

"म्हणजे?"

"आमच्या बेकरीत घड्याळ नाही, आजोबांच्या गोष्टी आहेत. बिस्किटांना हेरोद. राजा ऐटीत बोलायला बसला, लोक म्हणाले हा तर देवच बोलतोय, हा फुगला, देवाच्या दूताने तडाखा दिला, किडे पडून मेला, ट्रे बाहेर. बनपावाला कोरह. त्याने देवाने निवडलेल्या मोशेविरुद्ध बंड केलं आणि जमिनीने तोंड उघडून त्याला गिळलं. आणि मोठ्या पावाला मिसरचा राजा फारो, देवाने त्याच्यावर धाडलेल्या दहाच्या दहा पीडा, वर समुद्र. फारो बुडाला की भट्टी उघडायची."

"आणि चुकत नाही?"

"आजोबा एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत. चुकेल कसं?"

खरंच नव्हते करत. तरुणपणी त्यांना उपदेशक व्हायचं होतं आणि वाट्याला आली भट्टी. मग त्यांनी पीठ मळणाऱ्यांनाच उपदेश करायला सुरुवात केली. देवाशी वैर धरणाऱ्यांचं काय होतं हा त्यांचा लाडका विषय, आणि शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्याला तोटा नाही. हळूहळू सगळ्या बेकरीचा वेळ त्यावर चालायला लागला. गिऱ्हाइकंसुद्धा काउंटरवर येऊन "हेरोद मेला का?" म्हणून विचारायची आणि थोरला मुलगा "मेला, गरम आहे, घेऊन जा" म्हणत पुडा बांधायचा. यात काही वावगं आहे असं कुणाच्या गावीही नव्हतं.

फक्त धाकटा मुलगा, नवरीचा बाप, बेकरीत पाऊल टाकत नव्हता, कारण घरात फारो म्हणत ते त्यालाच.

ते असं झालं. धाकट्याने लहानपणी कणीक मळली, पण भट्टी काही धरली नाही. समोरच्या गल्लीत एक म्हातारे घड्याळजी होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या हाताखाली तो घड्याळं दुरुस्त करायला शिकला आणि त्यांच्यावर त्याचा जीव जडला. मास्तर कधी चर्चला गेले नाहीत. उलट आजोबांच्या गोष्टींची ते तोंडावर टिंगल करायचे. ते वारले तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनी आजोबांना कबरीपाशी दोन शब्द बोलायला सांगितलं, शेजारी म्हणून. आजोबांनी दोन शब्दांत भागवलं नाही. हेरोद आला, कोरह आला, आणि शेवटी मास्तरांची रवानगी त्यांच्याच रांगेत झाली. धाकटा भर गर्दीत म्हणाला, "मग मीही त्यांच्याच बाजूचा." तो निघून गेला, ना चर्चमध्ये परतला ना बेकरीत. आजोबांनी त्याचं नाव फारो ठेवलं आणि ते चिकटलं. तोही काही कमी नव्हता, आपल्या घड्याळांच्या दुकानातला फोन उचलून "फारो बोलतोय" म्हणायचा.

एवढी वर्षं ते निभावलं. पण आता लग्न आलं. या घरची रीत अशी की लग्नाच्या टेबलावर आपल्या भट्टीतला एक मोठा पाव असतो. नवरीच्या बापाने तो धरायचा, घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने कापायचा, मग सगळ्यांनी जेवायचं. आजोबांनी सांगून टाकलं होतं की देवाच्या वैऱ्याने धरलेल्या पावाला मी सुरी लावणार नाही. आधी त्याने चारचौघांत म्हणावं, मी चुकलो. फारोनेही निरोप धाडला होता की असलं काही मी म्हणणार नाही, हवं तर पाव पाळकसाहेबांकडून कापून घ्या. नवरीने दोघांचं ऐकून घेतलं आणि मनाशी ठरवलं. दोघांचे हात एका पावाला लागले नाहीत तर उद्या चर्चच्या दारातून ती हसत बाहेर येणार नव्हती. तिला बापही हवा होता आणि आजोबाही, तोडून अर्धा-अर्धा कुणीच नको होता.

म्हणून तिने आईला विश्वासात घेऊन एक बेत केला. तो तिने आता जावयांच्या कानात सांगितला.

"मोठा पाव आत असताना आजोबा जागचे उठू शकत नाहीत. गोष्ट अर्धी सोडली तर पाव गेला. आणि आई बाबांना घेऊन मागच्या दाराने येतेय."

"आत्ता?" जावई उठायला लागले.

"तू बस. तू असलास की कुणी फार ओरडणार नाही."

चौथ्या पीडेच्या, गोमाश्यांच्या सुमारास मागचं दार उघडलं.

फारो आत आला, मागे त्याची बायको, आणि तो उंबऱ्याशीच थांबला. ओल्या पिठाचा आंबूस वास, भिंतीला टेकवलेली लांब दांड्यांची फावडी, छताच्या कोपऱ्यातली ती काजळी, सगळं जिथल्या तिथे होतं. आपण येणार म्हणून काहीतरी बदललेलं असेल अशी त्याची उगाच समजूत होती. वाटेत त्याने बायकोला बजावलं होतं, "पाच शब्द बोलेन आणि निघेन." आता त्याला पहिलाही आठवेना.

आत्याने भावाला पाहिलं. तिने आजवर नेहमी बापाचीच बाजू घेतली होती. भाऊ भट्टी सोडून गेला म्हणून तिच्या हातांना दुप्पट काम लागलं, हा राग तिने जपून ठेवला होता. पण आता तिला दिसले ते त्याच्या कानांवरचे पांढरे केस. आई गेल्यावर याच केसांना तिने कैक वर्षं तेल लावून दिलं होतं. तिने पायाने एक स्टूल पुढे सरकवलं.

"बस. दारात उभा राहू नकोस, भट्टीला वारा लागतो."

आजोबांनी हे पाहिलं आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही. त्यांनी आवाज चढवला.

"आणि गोमाश्या गेल्या. पण फारोचं मन," इथे त्यांनी स्टुलाकडे रोखून पाहिलं, "कठीणच राहिलं!"

"कुठवर आलंय?" थोरल्याने काउंटरच्या दारातून डोकं आत घातलं. त्याला भाऊ दिसला, बाप दिसला, मधोमध पोत्यावर जावई दिसले. "अरे देवा," म्हणून त्याने डोकं मागे घेतलं आणि दार ओढून घेतलं. पलीकडून त्याचा आवाज आला, "आज उशीर आहे हो ताई, अजून गुरंच मरतायत."

गुरं मेली. मग मिसरी लोकांच्या अंगावर गळवं उठली. आजोबा रंगात आले होते, गळवांचं वर्णन ऐकून जावयांना कुठलं मलम द्यावं ते आठवायला लागलं होतं. तेवढ्यात फारो म्हणाला,

"पप्पा, जरा थांबा. एक विचारायचंय."

भट्टीपुढे गोष्ट चालू असताना आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं. आत्याच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"अरे, पाव आत आहे!"

"असू दे. पप्पा, मास्तरांनी देवाचं काय वाकडं केलं होतं?"

आजोबांचं तोंड उघडंच राहिलं. नवरीला वाटलं, झालं, आता आकाशातून गारा पडणार. आजोबा उठलेसुद्धा, पण भट्टीकडे पाहून पुन्हा बसले. बेत इथवर बरोबर चालला होता.

"तुला काय वाटतं," ते म्हणाले, "मी या गोष्टी मौजेखातर सांगतो? त्या मिसरात माणसं विटा पाडून पाडून मरत होती. त्यांची तान्ही पोरं नदीत फेकत होते. त्यांनी कुणाकडे बघायचं? वर कुणीच हिशेब विचारणारा नसेल तर ज्यांना तुडवलं त्यांचं काय? माझ्या बापाला मालकाच्या माणसाने शेणात तोंड दाबून मारलं होतं. मी बघितलंय. त्या दिवशी मला फारो बुडाल्याची गोष्ट ठाऊक नसती तर मी वेडा झालो असतो. न्याय आहे म्हणून मी उभा आहे."

हे त्यांनी मुलांना पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. आत्याने पडलेलं फडकं उचललं. फारोचा आवाज खाली आला.

"मला ते पटतं, पप्पा. विटा पाडणाऱ्यांसाठी शंभर टक्के पटतं. पण मास्तरांनी कुणाला विटा पाडायला लावल्या? कुणाचं पोर नदीत टाकलं? शेजारच्या पोरीचं लग्नातलं घड्याळ त्यांनी फुकट करून दिलं होतं. ते देवाला हसले नाहीत. तुम्हाला हसले. आणि तुम्हाला हसणारा तो देवाचा वैरी, असं तुम्ही त्यांच्या कबरीवर उभं राहून ठरवलंत."

अडले की आजोबा ओरडायचे, हे सगळ्यांना पाठ होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"पप्पा, मी एक गोष्ट सांगू?"

हा आवाज सुनेचा होता, फारोच्या बायकोचा. ती रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची. दर रविवारी एकटीच चर्चला यायची, सासऱ्यांच्या शेजारी बसायची, घरी जाऊन नवऱ्याला जेवायला वाढायची, आणि इकडचं तिकडे कधी करायची नाही. दोघांनाही ती आपल्याच बाजूची वाटायची. सोपं काम नव्हतं ते, पण तिच्या कष्टाचं कुणाला काही वाटत नसे.

"तुम्ही भट्टीपुढे शौल कधी सांगत नाही," ती म्हणाली.

"शौल कशालाच बसत नाही," आजोबा कुरकुरले. "सुरुवात चांगली आहे. येशूच्या मंडळीचा छळ करत सुटलाय, घराघरात शिरून माणसं ओढून नेतोय, आता याला शिक्षा होणार म्हणून आपण सरसावून बसतो. आणि मग गोष्ट भलतीकडेच जाते. भाजणी चुकते."

"शिक्षा होतेच की. रस्त्यात आडवा पाडला त्याला. डोळे गेले. हाताला धरून न्यावं लागलं. तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही. देवाने काही सोडलं नाही त्याला. मुलं या जागी टाळ्या वाजवतात." ती मुलांना सांगते तशीच सांगायला लागली होती, हातवारे करून. "मग देव हनन्या नावाच्या शिष्याला सांगतो, जा त्याच्याकडे. आणि हनन्या काय म्हणतो?"

"नको म्हणतो," नवरी म्हणाली. ती आईचीच विद्यार्थिनी.

"नको म्हणतो! देवाला म्हणतो, हा कसला माणूस आहे मला माहीत आहे, गावभर झालंय. त्याच्याकडे यादीच असेल शौलाने काय काय केलं त्याची. तरी गेला. आणि पप्पा, त्या खोलीत शिरल्यावर हनन्याने त्याला पहिली हाक काय मारली?"

आजोबांना शास्त्र तोंडपाठ होतं. त्यांनी मान खाली घातली.

"हनन्या त्याला वैरी म्हणाला असता तर चुकलं नसतं," सून म्हणाली, "तो होताच. पण तो भाऊ म्हणाला. शौलाने अजून एका अक्षराने माफी मागितली नव्हती, पप्पा. निदान हनन्याजवळ तरी नाही. आधी हाक आली. मग त्याचे डोळे उघडले, मग तो उठला आणि जेवला. मुलांना हेच आवडतं, शेवटी तो जेवतो ते." ती थांबली आणि एकदम लाल झाली. "एवढीच गोष्ट."

फारो बायकोकडे असा बघत राहिला, जणू ती त्याला आजच भेटली होती. आजोबा गुडघ्यांवर हात ठेवून खाली मान घालून बसले होते, आणि आत्या त्यांच्याकडे पाहत होती. भट्टीकडे कुणीच पाहत नव्हतं.

शेवटी जावई खाकरले.

"माफ करा. पण करपल्याचा वास येतोय. मघापासून येतोय."

"मग बोलला का नाहीत?" आत्या किंचाळली.

"मला वाटलं, अजून टोळ यायचेत."

आत्याने दार उघडलं. धुराचा लोट बाहेर आला, पाठोपाठ फावड्यावर लग्नाचा पाव आला. त्याला पाव म्हणायचं ते केवळ आदरापोटी. कोळशाच्या वखारीत ठेवला असता तर कुणी ओळखला नसता. आत्याने तो टेबलावर ठेवला तेव्हा टक्क असा आवाज झाला. थोरला धावत आत आला, "समुद्र झाला का?" म्हणाला, आणि पाव बघून त्याने टोपी काढून छातीशी धरली.

नवरीचे डोळे भरून आले. बेत तिचा होता, तिने दोघांना एका खोलीत कोंडलं होतं, आणि हाती हे आलं.

फारो स्टुलावरून उठला. तो टेबलाजवळ गेला, त्याने त्या काळ्या गोळ्याला बोटाने टकटक केलं आणि अगदी हळहळून म्हणाला,

"पप्पा, या बिचाऱ्याने देवाचं काय वाकडं केलं होतं?"

आत्याने डोळे मिटून घेतले. मग आजोबांच्या पोटातून कसलासा आवाज आला. आधी सगळ्यांना वाटलं, ठसका लागला. पण ते हसत होते. हसता हसता त्यांनी टेबल धरलं, मैद्याने भरलेल्या हाताने डोळे पुसले, तोंड पांढरंफटक झालं आणि ते पाहून आत्याही सुटली, मग थोरला, मग रडणारी नवरीसुद्धा. जावयांना आपण हसावं की नाही कळेना, पण तेही हसले.

"हे मास्तर बोलले असते," आजोबा कसेबसे म्हणाले.

"त्यांचंच आहे. मी नुसतं पुढे चालवतो."

"असंच बोलायचे ते. भर रस्त्यात, लोकांसमोर. आणि मला उत्तर सुचायचं दुसऱ्या दिवशी." आजोबांचं हसू हळूहळू ओसरलं. ते पुन्हा बसले. "खरं सांगू का? त्या दिवशी कबरीपाशी माझ्या मनात काय आलं? आज हे उलट बोलणार नाहीत. एवढंच आलं. आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा होणार होता, आणि मी सोडला नाही. न्याय देवाचा होता. मी त्यात माझा राग मिसळला आणि वरून देवाचं नाव घेतलं." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "मी चुकलो, हे मीच म्हणतोय. चारचौघांत. बघ, चौघांहून जास्तच आहेत."

फारो पुढे आला. तो वाकला आणि त्याने बापाच्या तोंडावरचा मैदा आपल्या रुमालाने पुसला. आजोबांनी लहान मुलासारखं तोंड पुढे केलं.

"मी चर्चला येईनच असं काही नाही, पप्पा," तो रुमाल खिशात ठेवत म्हणाला.

"तुला कुणी विचारलंय? उद्याला पाव नाहीये. मैद्याचं पोतं उघड."

जावयांना पोत्यावरून उठवलं गेलं. फारोने बाह्या सरसावल्या. त्याला वाटलं होतं हात विसरले असतील, पण बापाने एका बाजूने कणीक ढकलली की दुसऱ्या बाजूने ती ओढायची, हे हातांना नीट आठवत होतं. आत्या बाजूला उभी राहून "ढिला मळतोयस" म्हणत होती आणि तिला फार बरं वाटत होतं. थोरल्याने काउंटरवर सांगून टाकलं की आज फारो काही बुडत नाही, परवा या.

दुसरा पाव आत गेल्यावर सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी सुनेकडे पाहिलं.

"शौल सांग. पहिल्यापासून. टाळ्यांसकट."

शौलाला किती वेळ लागतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याला दर थोड्या वेळाने भट्टी उघडून आत डोकावावं लागलं. पाव शौलानेही भाजला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, नवरी चर्चच्या दारातून आधी हसत आणि मग हसत-रडत बाहेर आली, फोटो झाले. टेबलं जावयांनी एक कमीच मोजली होती, त्यामुळे माणसं दाटीवाटीने बसली. मधोमध पाव होता. फारो तो धरायला उभा राहिला आणि आजोबा सुरी घेऊन त्याच्या शेजारी आले.

समोरच नवरदेवाची मावशी बसली होती. बाई मोकळ्या स्वभावाची, आवाज खणखणीत. तिने चष्मा सावरला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं,

"हेच का हो ते तुमचे फारो?"

हॉलभर माना वळल्या. आत्याने नवरीचा हात घट्ट धरला. फारो मान खाली घालून पावाकडे बघत राहिला.

"छे हो," आजोबा म्हणाले. "फारो तर बुडाला. हा माझा धाकटा मुलगा." आणि त्याच्या हातावर आपला डावा हात ठेवून ते म्हणाले, "धर रे बाळा, नीट धर. सगळ्यांना भूक लागलीये."